अकरा भावंडांचा मळा

अमेरिकेच्या वायव्येकडे आयडाहो नावाचे राज्य आहे; बटाट्यांसाठी त्याची ख्याती. त्याच्या दक्षिण टोकाला, यूटा राज्याच्या सरहद्दीलगत, व्हिटनी नावाचे एक लहानसे खेडे लागते. या खेड्यात जॉर्ज आणि सेरा बेन्सन या शेतकरी दांपत्याला अकरा मुले झाली. सात मुलगे, चार मुली. थोरला एझ्रा, जन्म ४ ऑगस्ट १८९९. हा एझ्रा पुढे अमेरिकेचा शेतकीमंत्री झाला म्हणून या घराची माहिती जगाला मिळाली. एरवी अशी लेकुरवाळी घरे त्या खोऱ्यात पुष्कळ होती आणि त्यांचे नाव आपल्यापर्यंत येण्याचे काही कारण नव्हते. मला मात्र मंत्र्यापेक्षा ते घरच अधिक खुणावते. कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला मोठ्या खटल्याचे कुतूहल असायचेच. त्यात हे घर शेतकऱ्याचे. अकरा मुलांच्या बापापाशी एकच मळा असला म्हणजे पुढे काय होते? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर सातबाऱ्याच्या उताऱ्यावर वाचायला मिळते. त्या दूरच्या खोऱ्यात ते कसे मिळाले, हे पाहू लागले आणि त्यात गुंतत गेले.

हे कुटुंब मॉर्मन पंथाचे. जोसेफ स्मिथ याने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. त्याच्या अनुयायांचे शेजाऱ्यापाजाऱ्यांशी कुठेच पटले नाही. ओहायो, मिझुरी, इलिनॉय अशी ही मंडळी पश्चिमेकडे सरकत गेली, आणि १८४४ साली तुरुंगात असलेल्या स्मिथला जमावाने गोळ्या घालून ठार केले. मग ब्रिगम यंग या खमक्या पुढाऱ्यामागून त्यांनी बैलगाड्यांत बिऱ्हाडे घातली आणि जुलै १८४७ मध्ये त्यांची पहिली तुकडी खाऱ्या सरोवराकाठच्या ओसाड खोऱ्यात उतरली. त्या तुकडीत आपल्या एझ्राचा पणजा होता. त्याचेही नाव एझ्राच. या पणजोबाला आदल्या वर्षी, १८४६ साली, वाटेवरच्या मुक्कामात, आयोवाच्या माळरानावर मुलगा झाला होता. गाडीत जन्मलेला तो मुलगा म्हणजे आपल्या एझ्राचा आजोबा.

पणजोबांना आठ बायका आणि पस्तीस मुले होती. मॉर्मन म्हटले की लोकांना आठवते ते हेच, म्हणून सांगून टाकते. बहुपत्नीकत्वाची ही चाल सरकारच्या कायद्यापुढे टिकली नाही. १८९० साली पंथाच्या प्रमुखाने ती बंद केल्याचे जाहीर केले. त्या पस्तिसांची नावे वंशावळीत काळजीपूर्वक नोंदलेली सापडतात. त्या आठ जणींनी मनात काय काय गिळले, त्याची नोंद ठेवायला मात्र कुणाला सवड झाली नसावी. व्हिटनीच्या घरात एकच बायको होती, सेरा. आणि माझ्या मते या हकीकतीतले सर्वांत मोठे माणूस तीच.

पण तिच्याकडे येण्यापूर्वी पाण्याविषयी दोन शब्द. त्या मुलखात पाऊस बेताचा. खोऱ्यात उतरलेल्या पहिल्या तुकडीने काय केले असेल, तर डोंगरातून येणारा ओढा अडवून त्याचे पाणी टणक जमिनीवर सोडले, ती भिजवली, आणि मग नांगर घातला. पुढे गावोगाव हीच रीत झाली. पाट सर्वांनी मिळून खणायचे, सर्वांनी दुरुस्त ठेवायचे आणि पाणी पाळीपाळीने घ्यायचे. १८६० साली पणजोबांना उत्तरेकडच्या कॅश खोऱ्यात वसाहतीचे पुढारपण करायला पाठवले, आणि त्याच खोऱ्याच्या आयडाहोकडील भागात पुढे व्हिटनी वसले. एकट्याच्या बळावर तिथे शेती होणेच शक्य नव्हते. मॉर्मन लोकांची एकजूट त्यांच्या धर्मग्रंथातून आली असे म्हणतात. मला वाटते, निम्मीअधिक ती पाटातून आली असावी.

एझ्रा जन्मला तो पावणेबारा पौंडांचा आणि निपचित. डॉक्टरने मुलाची आशा सोडली आणि आईकडे लक्ष दिले. दोन्ही आज्यांनी दोन पातेली पुढे ओढली, एकात गार पाणी, एकात ऊन. आणि पोर रडेपर्यंत ते या पाण्यातून त्या पाण्यात बुडवीत राहिल्या. पाचव्या वर्षी हे पोर घोड्यांची जोडी हाकू लागले. साखरबीट, बटाटे, वाळलेल्या गवताच्या गंजी, दुभत्या गाई असा त्या घरचा संसार. बीटची विरळणी म्हणजे कंबर मोडणारे काम. दाटीने उगवलेली रोपे दिवसभर वाकून काढायची. सोळाव्या वर्षी एझ्राने शेजाऱ्याच्या शेतात एका दिवसात एकरभर विरळणी केली. शेजाऱ्याने खूश होऊन पाच-पाच डॉलरची दोन सोन्याची नाणी आणि दोन चांदीचे डॉलर त्याच्या हातावर ठेवले. मंत्रिपदाच्या काळात कोट्यवधी डॉलरचे व्यवहार त्याच्या सहीने झाले, पण श्रीमंती म्हणजे काय ते आपल्याला त्या बारा डॉलरांनी कळले, असे तो सांगत असे.

आता १९१२ ची गोष्ट. एके दिवशी जॉर्ज आणि सेरा घोडागाडीतून दुकानातून परतत होते. वाटेत टपाल घेतले होते. घोड्यांचे कासरे जॉर्जच्या हाती, आणि पाकिटे फोडीत होती सेरा. गाडी अंगणात आली तेव्हा मुले धावत बाहेर आली; पाहतात तो आईबाप दोघेही रडताहेत. असे त्यांनी कधी पाहिले नव्हते. टपालात पंथाच्या मुख्य कार्यालयाचे पत्र होते. जॉर्जला धर्मप्रचारासाठी बोलावणे आले होते. या पंथात असे बोलावणे आले की स्वतःच्या खर्चाने, घरदार मागे ठेवून जायचे. जॉर्जच्या पदरी तेव्हा सात मुले होती आणि आठवे वाटेवर होते. थोरला एझ्रा बारा-तेरा वर्षांचा.

नाही म्हणता आले असते काय? आले असते. कुणी तुरुंगात टाकणार नव्हते. पण पाटाच्या पाळीवर जगणाऱ्या गावात नाही म्हणणाऱ्याला तोंड कुठे लपवायचे, हाही प्रश्न असतो. आणि या दांपत्याची श्रद्धाही खरी होती. खर्चासाठी जमिनीचा एक तुकडा विकला. बीट-बटाट्याचे रान बघायला एक जोडपे घराच्या एका भागात येऊन राहिले. गवताची राने, कुरण आणि गाईंच्या धारा मुलांकडे. जॉर्ज गेला तो शिकागोच्या बाजूला, जवळजवळ दोन वर्षे. आठवे मूल त्याच्या पाठीमागे जन्मले.

त्या दोन वर्षांत आठवड्याला एक पत्र येई. सेरा मुलांना स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसवी आणि ते मोठ्याने वाचून दाखवी. एवढेच. शाळेत मुले शिकवताना मी पाहिले आहे, की बाप परगावी असलेल्या घरात दोन गोष्टी होतात. एक तर बापाचे नावच घरातून पुसट होते, नाही तर तो हजर असण्याहून मोठा होऊन बसतो. कुठली गोष्ट व्हायची ते आईवर असते. सेराने एकदाही तक्रारीचा सूर काढला नाही असे तिची मुले पुढे सांगत. इतके निष्कलंक कुणी असते यावर माझ्यातल्या कादंबरीकाराचा विश्वास बसत नाही. रात्री दिवा मालवल्यावर ती काय पुटपुटत असेल ते तिलाच ठाऊक. पण परिणाम डोळ्यांसमोर आहे. त्या घरचे सातही मुलगे पुढे धर्मप्रचाराला गेले. दोन मुली नवऱ्यांसह फ्लॉरिडात जाऊन आल्या. उरलेल्या दोघी विधवा झाल्यावर एकमेकींच्या जोडीने थेट इंग्लंडात, बर्मिंगहॅमला गेल्या. दोन प्रौढ विधवा बहिणी परक्या शहरात दारोदार हिंडताहेत, हे चित्र मला फार आवडते.

आणि मळा? त्यावर अकरा जणांचे पोट भरणार नव्हतेच. एझ्रा १९२३ साली इंग्लंडातला प्रचार संपवून आला, आणि त्याने एका भावाच्या भागीत बापाचा मळा विकत घेतला. वाटणी नव्हे, बापाकडून खरेदी. मग भावाभावांनी आळीपाळी केली. एकाने शिकावे, दुसऱ्याने मळा सांभाळावा. एझ्रा १९२६ साली पदवीधर झाला, फ्लोरा नावाच्या सुखवस्तू घरातल्या मुलीशी त्याचे लग्न झाले, आणि ही जोडी एका जुन्या फोर्ड गाडीत सामान टाकून आयोवाला उच्च शिक्षणासाठी गेली. महिन्याला सत्तर डॉलरची शिष्यवृत्ती, तेवढ्यात दोघांचा संसार. परत येऊन त्याने मळा धरला खरा, पण १९२९ साली तालुक्याच्या शेतकी सल्लागाराची नोकरी पत्करली, आणि मळ्यावरचा त्याचा पाय निघाला तो निघालाच.

बापाची गोष्ट मुलाच्या आयुष्यात पुन्हा एकदा घडली. १९४६ साली, महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपात पंथाच्या लोकांना धान्य आणि कपडे पोचवायला एझ्राला पाठवले. घरी फ्लोरा आणि सहा मुले; धाकटी दोन वर्षांचीही नव्हती. दहाएक महिने तो जर्मनी, पोलंड असा पडक्या शहरांतून हिंडत होता. या खेपेला पत्रे वाचून दाखवणारी फ्लोरा होती.

१९५३ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्याला शेतकीमंत्री केले आणि आठ वर्षे तो त्या जागी राहिला. १९५४ साली या कुटुंबाला दूरचित्रवाणीवर आणले गेले. मॉर्मन घरांत आठवड्यातून एक संध्याकाळ सर्वांनी एकत्र बसण्याची रीत आहे, ती बेन्सन मंडळींनी देशाला दाखवली. मुलींनी गाणे म्हटले. लोकांना ते घर फार आवडले. पण शेतकऱ्यांना मंत्री आवडेना. सरकारने शेतमालाला भावाचा आधार देऊ नये, शेतकऱ्याने आपल्या पायावर उभे राहावे, असे त्याचे ठाम मत. १९५७ साली दक्षिण डाकोटात मक्याच्या तोडणीच्या शर्यतीला तो गेला असता त्याच्यावर अंडी फेकली गेली. १९५० साली अमेरिकेत ५४ लाखांच्या आसपास शेते होती. १९५९ साली ३७ लाख. मोजणीची व्याख्या मध्ये थोडी बदलली, आणि यंत्रेही आली होती, तेव्हा सारा दोष एका मंत्र्याच्या माथी मारणे बरोबर नाही. पण ज्याला स्वतःला बापाच्या मळ्यावर राहता आले नाही, त्याच्याच कारकिर्दीत लाखो घरे मळे सोडून गेली, हे विसरता येत नाही. २०२२ च्या गणनेत ती संख्या १९ लाखांवर आली आहे.

भाव द्यावा तर धान्य साठते, साठले की ठेवायचे कुठे? या अडचणीतून १९५४ चा तो कायदा निघाला, ज्याचे नाव आपल्या रेशनच्या दुकानांत पोराटोरांच्या तोंडी झाले: पी. एल. ४८०. अमेरिकेचे शिलकी धान्य परदेशांना त्यांच्याच चलनात विकायचे. भारताशी पहिला मोठा करार १९५६ च्या ऑगस्टात झाला. ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये भारताचे अन्नमंत्री, आपले मुंबईचे स. का. पाटील, यांनी आयझेनहॉवर यांच्यासह आणखी एका करारावर सही केली: चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. बेन्सन १९६१ साली गेला, कायदा राहिला. १९६५-६६ च्या अवर्षणात लाल मिलो आला, त्याची भाकरी थापता थापता फुटायची, असे माझी आजी सांगे. नावे ठेवीत ठेवीत ती भाकरी घरोघर खाल्ली गेली आणि माणसे जगली. रस्तोरस्ती माजलेले गाजरगवतही त्या गव्हातूनच आले असा आपल्याकडे समज आहे. पण त्याची पुण्यातली नोंद १९५६ ची आहे, आणि करार त्याच वर्षाच्या ऑगस्टातला. तेव्हा ते पाप त्या कराराच्या पदरात घालायला मी तयार नाही.

मंत्रिपद सुटल्यावर एझ्रा अधिकच कडवा झाला. काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीतही त्याला साम्यवाद्यांचा हात दिसू लागला. एवढ्या मायेच्या घरात वाढलेल्या माणसाचे मन त्या लोकांपुरते इतके आखडावे, याचे मला वाईट वाटते. १९८५ साली तो पंथाचा प्रमुख झाला. अखेरची वर्षे आजारपणात गेली. व्यंगचित्रकार असलेल्या त्याच्या नातवाला, स्टीव्ह बेन्सनला, १९९३ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. आणि आजोबांची प्रकृती खरी कशी आहे ते लोकांपासून लपवले जाते असे उघडपणे सांगून त्याच वर्षी त्याने पंथ सोडला. पणजोबाच्या नावाने सुरू झालेल्या वंशावळीत हेही एक पान.

फ्लोरा १९९२ साली वारली होती. ३० मे १९९४ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, एझ्रा वारला. सॉल्ट लेकला अंत्यविधी झाल्यावर त्याला तिथे ठेवले नाही. कॅश खोऱ्यातून उत्तरेकडे, वाटेत ठिकठिकाणी लोक उभे होते त्यांच्या मधून, त्याला व्हिटनीला नेले आणि गावच्या दफनभूमीत फ्लोराच्या शेजारी पुरले.