स्पेलिंगमधले मुके 'के'
'नाइट' म्हणजे सरदार. या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमधले के, जी आणि एच आपण उच्चारत नाही. मग ते आले कुठून? १४ व्या शतकात, कवी चॉसरच्या काळी, त्यांचा उच्चार होत असे. शब्द साधारण 'क्निख्त' असा ऐकू येई. 'नेम' तेव्हा 'नामअ' होता, 'टाइम' होता 'टीमअ'. पुढच्या सुमारे ३०० वर्षांत दीर्घ स्वर बदलले, काही व्यंजने गळाली. दरम्यान १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिर झाले, उच्चार मात्र बदलतच राहिले. मुलगा 'के' विसरतो तेव्हा त्याने आजचा उच्चार नीट ऐकलेला असतो. लाल रेघ मारताना आपण त्याला हा इतिहासही सांगू या.