आगाऊ निर्देश (मानसिक आरोग्यसेवा)
मानसिक आजारात आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवलेले निवेदन. भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ५ ने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला हा हक्क दिला; पूर्वी आजार झालेला असो वा नसो. आपल्या वतीने बोलणारा नामनिर्देशित प्रतिनिधीही त्यात नेमता येतो. तो नातेवाईकच हवा असे नाही. आपल्याकडची कुटुंबव्यवस्था पाहता ही तरतूद धीटच म्हणावी लागेल. निर्देश डॉक्टरांच्या हाती पोहोचेल, हे पाहण्याची जबाबदारी मात्र लिहिणाऱ्याची व प्रतिनिधीची. तातडीच्या उपचारांना तो लागू होत नाही. रुग्णाला साखळीने बांधणे किंवा भूल न देता विजेचे झटके देणे निर्देश नसला तरी निषिद्धच आहे.