केंद्रित श्राव्यातीत ध्वनिचिकित्सा, हस्तकंपावरील

मांडीवर स्वस्थ असलेला हात चहाची बशी ओठांशी नेऊ लागताच कापू लागतो व चहा अंगावर सांडतो, असा जो विकार वैद्यकात ‘इसेन्शियल ट्रेमर’ या नावाने ओळखला जातो आणि जो कंपवाताहून निराळा आहे, त्यावर प्रोप्रॅनोलॉल व प्रिमिडोन या औषधांचा गुण न आल्यास योजावयाची ही पद्धती असून, तीत कवटी न उघडता, ध्वनितरंग एका बिंदूवर एकवटून, मेंदूच्या थॅलॅमस या भागातील एका लहानशा केंद्रकाचा काही अंश उष्णतेने नष्ट करतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला जुलै २०१६ मध्ये एका बाजूपुरती परवानगी दिली.

सुरी लागत नाही म्हणून इजाही होत नाही, हा समज साफ चुकीचा आहे. त्वचा शाबूत राहते, जंतुसंसर्गाचे भय जवळजवळ उरत नाही, हे खरे. परंतु मेंदूत होणारा व्रण कायमचा असतो, आणि मेंदूत तारा बसवून केलेले विद्युत्-उद्दीपन जसे बंद करता येते, तसा तो मागे घेता येत नाही. म्हणून निर्धोकतेचा सारा भार व्रण करण्यापूर्वीच्या तजविजीवर पडतो.

रुग्णाचे केस पूर्णपणे उतरवून डोके चौकटीत जखडतात, त्यावर १,०२४ ध्वनिक्षेपकांचे शिरस्त्राण बसवतात आणि टाळू भाजू नये म्हणून मधल्या जागेत थंड पाणी खेळवतात. एमआरआय यंत्रावर तापमान पाहत प्रथम ते बेताने, सुमारे ४० ते ५० अंश सेल्सिअसपर्यंतच, चढवतात. या उष्णतेचा परिणाम ओसरून जाणारा असतो. रुग्ण जागाच असतो. त्याच्या हाती पेन देऊन नागमोडी वेटोळी काढावयास सांगतात. रेघ सुधारली, जीभ जड झाली नाही, ओठ वा बोटे बधिर झाली नाहीत, अशी खात्री पटल्यावरच उष्णता ५५ ते ६० अंशांवर नेतात. उपचार तत्काळ थांबविण्याचे बटण रुग्णाच्याच हाती असते. या पद्धतीत सर्वांत मोलाची गोष्ट ही पूर्वपरीक्षा होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लक्ष्याच्या मागे संवेदनेचे केंद्रक आणि बाहेरच्या अंगास हालचालींच्या तंतूंचा जुडगा असल्यामुळे व्रण किंचित सरकला वा पसरला, तरी बधिरता किंवा अशक्तता येते. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जेफ्री इलायस यांच्या नेतृत्वाखालील आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७६ रुग्ण होते; पैकी ५६ जणांवर खरा उपचार झाला व तीन महिन्यांनी त्यांचा हस्तकंप सरासरी ४७ टक्क्यांनी उतरला. याच गटात ३८ टक्क्यांना बधिरता वा मुंग्या आणि ३६ टक्क्यांना चालण्यातील दोष जाणवला. वर्षअखेर हे प्रमाण अनुक्रमे १४ व ९ टक्के राहिले. रुग्णाची संमती घेताना हे दोन आकडे त्याला सांगितलेच पाहिजेत.

प्रत्येक कवटी या उपचारास योग्य नसते. अस्थी फार सच्छिद्र असल्यास ध्वनी तीतच विखुरतो व शोषला जातो, म्हणून आधी सीटी स्कॅन काढून अस्थीच्या घनतेचे गुणोत्तर पाहतात. एमआरआय न चालणारा पेसमेकर असलेल्यांस आणि रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेल्यांस हा उपचार वर्ज्य मानतात.

दोन्ही बाजूंस व्रण झाल्यास वाचा अडखळण्याचा व तोल जाण्याचा धोका वाढतो, हा जुन्या शस्त्रक्रियांचा दाखला आहे. त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या उपचारास अमेरिकेत डिसेंबर २०२२ पर्यंत परवानगी नव्हती, आणि ती मिळाली तीही पहिल्या उपचारानंतर किमान नऊ महिने लोटले पाहिजेत या अटीवर.