पात्रता (वनहक्क)

पात्रता म्हणजे एखादा हक्क किंवा लाभ मिळण्यासाठी आवश्यक असलेली योग्यता. वनहक्क कायदा, २००६ नुसार ही योग्यता परीक्षेतील गुणवत्तेप्रमाणे कर्तृत्वावर नव्हे, तर वनातील वास्तव्यावर आणि वनावर अवलंबून असलेल्या उपजीविकेवर ठरते. प्रस्तावनेत ऐतिहासिक अन्यायाचा उल्लेख असल्याने हे हक्क ‘दिले’ जात नाहीत, ‘मान्य’ केले जातात.

अनुसूचित जमातीच्या दावेदाराचा वनजमिनीवर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताबा असावा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींना त्याखेरीज तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यातील सावलीसारख्या तालुक्यात एकाच जंगलालगत कसणाऱ्या शेजाऱ्यांसाठीही पात्रतेचे निकष वेगळे असू शकतात.

कागदपत्रे नसल्यास दावेदाराव्यतिरिक्त अन्य ज्येष्ठांचे लेखी नोंदवलेले निवेदन, तसेच जुनी घरे, विहिरी, दफनभूमी व देवस्थाने हेही पुरावे मानले जातात. दाव्याची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू होते. अंतिम निर्णय जिल्हास्तरीय समिती घेते.

सामूहिक हक्कात व्यक्तीऐवजी गाव पात्र ठरते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाचा सुमारे १,८०० हेक्टर वनावरील असा हक्क २००९ मध्ये मान्य झाला.