टॅली

टॅली : हिशेब ठेवण्याची भारतीय संगणकप्रणाली. निर्माती कंपनी टॅली सोल्युशन्स, बंगळूरू. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रणाली डेस्कटॉप प्रणालींना हटवतील काय, या वादात भारतापुरता हाच दाखला सर्वांत बोलका आहे.

इतिहास : श्यामसुंदर गोएंका कारखान्यांना आणि कापडगिरण्यांना कच्चा माल व सुटे भाग पुरवीत. धंद्याच्या हिशेबाला साजेशी प्रणाली मिळेना, म्हणून त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी ती एमएस-डॉसवर लिहिली. त्यांची प्यूट्रॉनिक्स ही कंपनी १९८६ ची. तिचे टॅली सोल्युशन्स हे नाव १९९९ पासून. टॅली.ईआरपी ९ (२००९), टॅलीप्राइम (२०२०). भरत गोएंका यांना २०२० मध्ये पद्मश्री.

कार्यपद्धती : माउसला हात न लावता काम चालते. एफ५ पेमेंट, एफ६ जमा, एफ८ विक्री, एफ९ खरेदी. व्हाउचर भरता भरता नवे गिऱ्हाईक निघाले, तर ऑल्ट+सी दाबून तिथल्या तिथे त्याचे खाते उघडता येते. कंट्रोल+ए दाबले की नोंद पक्की. सरावलेला अकाउंटंट डावीकडच्या बिलांच्या गठ्ठ्यावरची नजर न काढता एन्ट्र्या मारत जातो. पान उघडण्याची वाट पाहावी लागत नाही, नेट गेले तरी हात थांबत नाही. शिवाय सगळी खातावणी दुकानातल्याच संगणकावर, एका फोल्डरमध्ये असते. आपला हिशेब परक्याच्या घरी नको, ही व्यापाऱ्याची भावना वेबच्या पुरस्कर्त्यांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. बॅकअप राहून गेला आणि हार्ड डिस्क बसली, की वर्षाचे हिशेब बुडतात, ही याची दुसरी बाजू.

वस्तू व सेवा कर : १ जुलै २०१७ पासून लागू. विवरणपत्रे भरण्याचे पोर्टल बंगळूरूच्याच इन्फोसिसने उभारले. त्यामुळे कामाची वाटणी झाली : नोंदी टॅलीत, तयार झालेली जेसन फाइल पोर्टलवर. डेस्कटॉपच्या स्वयंपूर्णतेला खरा धक्का बसला तो ई-इन्व्हॉइसमुळे. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांवरील व १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांवरील उलाढालीच्या व्यवसायांना व्यापारी-व्यापारी व्यवहारांच्या बिलासाठी बिलनोंदणीच्या वेगळ्या पोर्टलकडून क्रमांक घेणे सक्तीचे झाले. तो नसेल तर बिल ग्राह्य नाही. म्हणजे नेटवाचून बिल पुरे होत नाही, पण त्यासाठी प्रणाली ब्राउझरमध्ये असावी लागते असेही नाही. २०२४ च्या आवृत्तीपासून टॅलीतूनच थेट जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र पाठवता येते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना बंधनकारक झालेला बदलांचा माग (ऑडिट ट्रेल) दोन्ही प्रकारच्या प्रणालींना सारखाच लागू आहे.

क्लाउड : अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरवर ठेवलेली टॅलीप्राइम कुठूनही उघडते, आत मात्र तीच विंडोजवरील प्रणाली चालते. तिला वेब-प्रणाली म्हणावे काय, याबाबत मतभेद आहेत.

स्पर्धक : झोहो बुक्स (ब्राउझरमधील), बिझी (डेस्कटॉप), बंगळूरूचेच व्यापार हे मोबाइल अ‍ॅप, ज्याची विंडोजसाठीही आवृत्ती आहे.

अन्य क्षेत्रे : ईमेल व मजकूरलेखन जीमेल (२००४) आणि गूगल डॉक्स (२००६) यांच्यापासून मोठ्या प्रमाणावर ब्राउझरकडे वळले.

पहा : द्विनोंदी हिशेबपद्धती, वस्तू व सेवा कर.