बनारसचे ओस घाट आणि भिंगाची व्याप्ती

सॅम्युअल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराने १८६५-६६ मध्ये बनारसमध्ये काम केले. त्याची, आणि त्याच काळातल्या इतरांचीही, घाटांची छायाचित्रे पाहिलीत तर एक गोष्ट खटकते. पायऱ्या, बुरूज, शिखरे ठसठशीत आहेत; माणसे मात्र तुरळक, कधी धुरासारखी पुसट. काही अभ्यासकांना या ओसपणात वसाहतवादी नजर दिसते. ते अगदीच चूक नाही. पण तिथे पोहोचण्याआधी भिंगाचा हिशेब मांडून पाहा.

प्रत्येक भिंग आपल्या मागे एक गोल प्रतिमा टाकते. त्या वर्तुळाच्या कडेला प्रकाश मंदावतो आणि रेषा फिसकटतात. स्पष्ट प्रतिमेचे हे वर्तुळ जेवढे मोठे, तेवढी भिंगाची व्याप्ती मोठी. बोर्न १० × १२ इंचांच्या काचा वापरत असे. त्या काळी काचेवरून कागदावर थेट छाप घेत, म्हणून मोठे चित्र हवे तर काचही तेवढीच मोठी लागे. या काचेचा कर्ण १५.६ इंच भरतो. वर्तुळाचा व्यास त्याहून कमी असेल, तर कोपरे काळवंडलेच म्हणून समजा.

आता पंचगंगा घाटावर या. वर औरंगजेबाची मशीद आहे, लोक तिला ‘माधवराव का धरहरा’ म्हणत. तिचे उंच मिनार आज उरलेले नाहीत, तेव्हा होते. खालच्या पायरीवर कॅमेरा लावला तर पाठीशी गंगा. मागे सरकायला जागा नाही, आणि डुलणाऱ्या नावेतून काही सेकंदांचे चित्र घेणे कठीण. कॅमेरा वर उचलून धरला, तर मिनार एकमेकांकडे कललेले दिसणार. उपाय एकच: काच उभी सरळ ठेवायची आणि भिंगाची पुढची फळी वर सरकवायची.

उदाहरणादाखल १४ इंच नाभीय अंतराचे भिंग घ्या, काच आडवी, इमारत १४० फुटांवर. फळी मध्यावर असताना कॅमेऱ्याच्या पातळीपासून वर ५० फूट दिसतात. फळी २ इंच वर नेली की ७० फूट. पण भिंगाचा मध्य आता काचेच्या मध्यावर राहिला नाही. दूरचा कोपरा ९.२ इंचांवर गेला, म्हणजे वर्तुळ १८.४ इंचांचे हवे. भिंगाला सुमारे ५८ अंशांऐवजी ६७ अंश व्यापावे लागतात. प्रतिमा उलटी पडत असल्याने हे दूरचे कोपरे चित्रातल्या आकाशाचे असतात. जुन्या छापांचा वरचा भाग कमानीसारखा कापलेला दिसला, तर ती केवळ हौस नसेल.

त्या वेळी हाताशी काय होते? पेट्झव्हालचे १८४० चे भिंग प्रकाश भरपूर घेई, पण मधलाच भाग नेटका येई. ते माणसांच्या चेहऱ्यांसाठी चांगले. डालमायरचे रॅपिड रेक्टिलिनियर आणि श्टाइनहाइलचे अप्लॅनॅट ही दोन्ही भिंगे १८६६ सालची. साधारण एफ/८ ला ती नीट काम देत, पण व्याप्ती पन्नास अंशांच्या आसपासच. त्यापलीकडे कोपरे सुधारायचे तर छिद्र बारीक करणे आले. एफ/८ वरून एफ/३२ वर गेलात की प्रकाश सोळा पटींनी घटतो. जिथे दोन सेकंद पुरत होते, तिथे बत्तीस लागतात. बत्तीस सेकंदांत आंघोळीला उतरलेला माणूस बुडी मारून पायरीवर परत येतो. काचेवर त्याची खूण उरत नाही. बसून जप करणारा मात्र उरतो.

म्हणून ‘घाट ओस होता’ आणि ‘घाट ओस दिसतो’ ही दोन वेगळी विधाने आहेत. छायाचित्रकाराने गर्दी नकोच म्हणून पहाटेची वेळ निवडली असेल, हेही शक्य आहे. ते ठरवायला सावल्यांची दिशा पाहा. नावांच्या कडा पाहा: बांधलेली नावही पुसट असेल, तर चित्राला वेळ बराच लागला होता.

पुढे १८८० च्या दशकात जिलेटिनच्या कोरड्या काचा सर्रास झाल्या आणि वेळ सेकंदाच्या अंशांवर आला. १८९० मध्ये झाइसचे अनॅस्टिग्मॅट आले, १८९२ मध्ये गोएर्ट्झचे, ज्याला पुढे डागोर म्हणू लागले. कोपऱ्यांसाठी छिद्र पूर्वीइतके आवळावे लागेना. त्यानंतरच्या छायाचित्रांत त्याच पायऱ्यांवर वेताच्या छत्र्या, घाटिये, ओली धोतरे पिळणारी माणसे दिसू लागतात.