काढायचं कसं? लिनक्सवरच्या पॅकेजांची गोष्ट

मागच्या वेळी आपण कर्नलपाशी थांबलो होतो. कर्नल चालू झालं, ठीक. पण पत्र लिहायला, चित्र बघायला प्रोग्रॅम हवा ना? सुरुवातीला तो बहुधा सोर्समधून स्वतःच कंपाइल करायचा. 'मेक इन्स्टॉल' म्हटलं की फायली दहा ठिकाणी जाऊन बसत, आणि कुठे काय गेलं याची नोंद सहसा कुठेच नसे. बसवणं एकवेळ जमे; काढताना मात्र रडकुंडीला यायची पाळी.

इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन सुरू केलं. त्यातल्या डीपीकेजीनं ही नोंदवही ठेवली: कोणती फाइल कोणत्या पॅकेजची. एखादं पॅकेज दुसऱ्यावर अवलंबून असेल तर ते अडून सांगे, पण आणून देत नसे. ते काम ॲप्टनं केलं, १९९९ च्या डेबियन २.१ पासून.

मला स्वतःला मात्र एक बारीकशी गोष्ट फार मोलाची वाटते. इटीसी डिरेक्टरीतली सेटिंगची फाइल तुम्ही हातानं बदललीत, आणि नव्या आवृत्तीतही ती बदललेली असली, तर डीपीकेजी थांबून विचारतं, तुमची ठेवू की नवी घालू? नुसतं एंटर दाबलंत, तर सहसा तुमचीच राहते.